नवे टायर काहून मागं

माझ्या गाडीचे नवे टायर कुठे बसवायचे हे ठरवायला आमच्या अंगणात तीन पुरुष जमले होते, आणि तिघांपैकी एकही ती गाडी चालवत नव्हता. चालवत होते मी. आमच्या नंदनवन वस्तीतून खापरखेड्याच्या कामगार वसाहतीतल्या शाळेत, आठवड्यातले सहा दिवस, जाऊन-येऊन. शाळेत मी मराठी शिकवते. गाडी माझ्या नावावर, लायसन्स माझं, पंक्चर झालं तर उन्हात रस्त्याच्या कडेला उभी राहणारीही मीच. पण टायर म्हटलं की तो पुरुषांचा विषय झाला. या गोष्टीला आता वर्ष होत आलं, तरी ते अंगण डोळ्यांपुढे आलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

त्या तिघांत मुख्य म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. मी त्यांना दादा म्हणते. म्हणजे त्यांच्याबद्दल बोलताना म्हणते, त्यांच्याशी बोलत नाही. भासऱ्याने धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही अशी आमच्याकडे रीत आहे. आजकाल कोणी पाळत नाही, दादा पाळतात. ते वरच्या मजल्यावर राहतात, जाऊबाई गेल्यापासून दोन्ही वेळ आमच्याकडे जेवतात, आणि भाजीत मीठ कमी असलं तर माझ्या नवऱ्याला सांगतात, “सांग गा तिले, मीठ कमी हाय.” मी समोर उभी राहून वाढत असते. नवरा मान वर करून तेच मला पुन्हा सांगतो. मी मिठाची वाटी दादांच्या ताटाजवळ सरकवते. लग्नाला बावीस वर्षं झाली, हे असंच चाललं आहे. ही रीत आदराची आहे असं मला सगळ्यांनी सांगितलं. मला तर ती मोठी सोय वाटते. ज्या माणसाशी बोलायचंच नाही, त्याला उत्तर द्यायचीही वेळ येत नाही.

आता टायरचं. माझी गाडी लहान आहे, सहा वर्षांची. तिचं इंजिन पुढची चाकं फिरवतं, म्हणजे पुढची चाकं ओढतात आणि मागची नुसती मागोमाग येतात. अशा गाडीचे पुढचे टायर आधी झिजतात. माझेही झिजून गुळगुळीत झाले होते. मागचे दोन तसे बरे होते, त्यांच्यावरच्या खाचा अजून दिसत होत्या. म्हणून दोनच नवे घ्यायचे ठरलं आणि दसऱ्याच्या दोन दिवस आधी शाळेत जाताना मी गाडी कामठी रोडवरच्या टायरवाल्या काकांकडे नेली. काका साठीच्या पुढचे, कामठीचे. त्यांच्या घरी पूर्वी पॉवरलूम होते. माझे वडील हातमागावर लुगडी विणायचे हे कळल्यापासून ते मला माहेरची माणसं देतात तसा मान देतात, म्हणजे चहा पाजतात आणि रागावतातही.

काकांनी झिजलेले पुढचे टायर काढले. मागचे बरे होते ते पुढे आणून लावले आणि नवे कोरे दोन मागे. मला नवल वाटलं. मी म्हटलं, नवे पुढे नाही का लावायचे? हात पुसत ते म्हणाले, “नवे मागंच राहू द्या मॅडम. कोणी काई म्हणो, मागंच राहू द्या.” मी कारण विचारलं नाही. पहिला तास माझा होता, घड्याळाचा काटा पळत होता. दिवसभर पोरांना ‘कारण लिहा’ म्हणून प्रश्न घालणारी मी, तिथे एक कारण विचारायला विसरले. पुढचं सगळं त्यातून झालं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी यंत्रं, हत्यारं, गाड्या धुऊन पुसून पुजायची असतात. मी सकाळी लवकर उठून गाडी धुतली. पुरणाचं चुलीवर होतं. म्हणजे गॅसवर, पण आम्ही अजून चुलीवरच म्हणतो. दादा खाली आले, हात पाठीमागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या चाकापाशी थांबले. मग नवऱ्याला हाक मारून म्हणाले, “काहून गा, नवी सून मागच्या दारानं आणली का यांनी?”

नवरा हसला. शेजारचे काका भिंतीपलीकडून डोकावले आणि तेही आले. ते रिटायर्ड आहेत, त्यांना कुठेही काहीही चालू असलं की यायचंच असतं. दादांनी मग शहाणपण पाजळायला घेतलं. नोकरीत असताना साहेबांचा ड्रायव्हर सुट्टीवर गेला की ऑफिसची जीप दादा चालवायचे, ही आमच्या घरातली सर्वांत मोठी पदवी. त्या पदवीवरून त्यांनी सांगितलं की या गाडीला पुढची चाकं ओढतात, वळवतातही पुढचीच, ब्रेकचा जोरही पुढेच, तेव्हा नवे टायर पुढेच पाहिजेत, हे शेंबड्या पोरालाही कळेल. शेजारचे काका म्हणाले, आणि पूजा तर पुढेच करायची ना, मागच्या चाकाला हार घालताना कोणी पाहिलं आहे का? यावर तिघंही हसले. ऐकायला ते सगळं बरोबरच वाटत होतं. मलाही तसंच वाटलं, हे मी लपवणार नाही.

मी दारातून नवऱ्याला म्हटलं की टायरवाल्यांनी नवे मागेच ठेवायला सांगितले आहेत. दादा माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाले, “इचार तिले, काहून?”

नवऱ्याने मला विचारलं, “का गं?”

मला काहूनचं उत्तर माहीत नव्हतं. मी म्हटलं, ते म्हणाले म्हणून. दादांनी एवढंच केलं, मान हलवली आणि जॅक मागवला. पुढच्या पाऊण तासात तिघांनी मिळून, घामाघूम होत, एकमेकांना ओरडत, मागची चाकं पुढे आणि पुढची मागे केली. कुठला नट किती पिळायचा यावरून त्यांच्यात वाद झाला. मी पुरण वाटत होते. झाल्यावर नवऱ्याने हाक मारली, मी आरतीचं ताट घेऊन बाहेर आले आणि त्या नव्या टायरांवर माझ्याच बोटाने कुंकू लावलं. झेंडूचा हार बॉनेटवर, लिंबू पुढच्या चाकांखाली. छान दिसत होती गाडी, खोटं कशाला बोलू. त्या कुंकवाचा मला सगळ्यांत जास्त राग येतो, कारण ते लावायला कोणी माझा हात धरला नव्हता.

माझ्या माहेरी बाबा मागावर बसायचे आणि आई त्यांच्या मागे चरख्यावर कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची गुंडाळी. ती सैल भरली गेली तर सूत तुटतं आणि कापड बिघडतं. लुगडं सुरेख उतरलं की लोक बाबांच्या हाताची तारीफ करायचे, आणि कुठे सूत तुटलं की बाबा मागे न वळता विचारायचे, कांडी कोणी भरली? मी तेव्हाच ठरवलं होतं की आपण मागे बसायचं नाही. शिकले, नोकरी धरली, गाडी घेतली. तीस वर्षं झाली असतील त्या ठरवण्याला. आणि तरी खंडेनवमीला मी ताट घेऊन उभीच होते.

जानेवारीत ते झालं. त्या दिवशी सासूबाई माझ्याबरोबर खापरखेड्याला आल्या होत्या. त्यांची धाकटी बहीण तिथे वसाहतीत राहते, म्हणून शाळेत जाताना मी त्यांना तिच्या घरी सोडलं आणि परतताना घेतलं. सासूबाई गाडीत नेहमी मागे बसतात. पुढची सीट रिकामी असली तरी मागेच. मी पहिल्यांदा दार उघडून पुढे बसा म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “पुढं माणसं बसतात.” माणसं म्हणजे पुरुष. आमच्याकडे बोलतातच तसं. मी मराठीची शिक्षिका, तरी या शब्दाचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.

वसाहतीतून बाहेर पडून मुख्य रस्त्याला लागताना एक लांब वळण आहे. धूळ बसावी म्हणून तिथे पाणी मारलेलं होतं, डांबरावर ओल्या मातीचा पातळ थर होता. माझा वेग काही फार नव्हता, चाळीसच्या आसपास. वळणावर रस्ता ओला दिसला म्हणून मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. बस, एवढंच. पुढची चाकं व्यवस्थित वळत होती, स्टेअरिंग हातात घट्ट होतं, काही चुकतंय असं हाताला मुळीच जाणवलं नाही. आणि एकदम गाडीचं मागचं अंग बाहेर गेलं. ओल्या ओट्यावरून वाटी घसरत फिरावी तशी गाडी फिरली. समोर रस्ता होता तिथे शेत आलं, मग आम्ही ज्या वाटेने आलो ती वाट आली, आणि मागच्या बाजूने गाडी कडेच्या मुरुमाच्या ढिगावर आदळली. आम्ही आलो त्याच दिशेला तोंड करून उभ्या होतो. समोरून एक ट्रक येत होता. त्याने बरंच आधी पाहिलं असावं, तो थांबला.

मागून आवाज आला नाही. मी पट्टा सोडून मागे वळले. मग सासूबाई म्हणाल्या, “हातपाय तुझे ठीक हायेत का वं?” त्यांचा स्वतःचा उजवा हात मनगटापाशी वाकडा झाला होता.

दवाखान्यात हाड बसवून प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांचं. नवरा आला, दादा आले. दादांनी आईची विचारपूस केली, डॉक्टरांशी बोलले, सगळं रीतसर केलं. मग दोन हातांच्या अंतरावर मी उभी असताना नवऱ्याला म्हणाले, विचार तिला ब्रेक कधी मारला. नवऱ्याने मला विचारलं. मी म्हटलं, ब्रेक मारलाच नाही. दादा नवऱ्याला म्हणाले, घाबरली असेल, तिला आठवत नसेल, ओल्यात ब्रेक दाबला की गाडी फिरतेच. झालं. प्रकरणाचा निकाल लागला. मला कोणी रागावलं नाही, ओरडलं नाही. सगळे फार समजूतदार होते. मला त्या समजूतदारपणाने जास्त जाळलं. संध्याकाळी गाडी टोचन करून घरी आणली आणि चावी दादांच्या शर्टाच्या खिशात गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी बसने जायला लागले. आधी शेअर ऑटो, मग बस, मग पुन्हा ऑटो. घरून एक तास आधी निघायचं, परत यायला अंधार. बसचा मला कमीपणा नाही, आमच्या शाळेतल्या निम्म्या बाया बसनेच येतात. पण मी बसने जात होते ते मला कोणी तरी बसवलं होतं म्हणून. नवऱ्याला म्हटलं की गाडीची मागची बाजू ठोकून घेऊ आणि मी चालवते. तो म्हणाला, बघू. माझा नवरा वाईट माणूस नाही. व्यसन नाही, हात उचलला नाही कधी, माझ्या नोकरीला आडवा आला नाही. फक्त जिथे बोलायला पाहिजे तिथे तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो. आयुष्यभर इकडचं तिकडे सांगता सांगता त्याचं स्वतःचं म्हणणं संपून गेलं असावं.

आणि खरं सांगायचं तर मलाही शंका यायला लागली होती. सगळेच म्हणतात तर मारला असेल ब्रेक. पायाला आठवत नसेल. बसच्या खिडकीपाशी बसून मी उजवा पाय हळूच उचलून बघायची, दाबून बघायची. शेजारच्या बाईला वाटलं असेल हिला मुंग्या आल्यात.

असे चार आठवडे गेले. एका शुक्रवारी नवऱ्याने जेवताना सांगितलं की दादा गाडी विकायचं म्हणताहेत, रविवारी त्यांच्या ओळखीचं गिऱ्हाईक येणार आहे. दादा समोर वरण-भात कालवत होते. मी नवऱ्याला म्हटलं, गाडी माझी आहे. दादा नवऱ्याला म्हणाले, तिचीच आहे, कोण नाही म्हणते, पण तिच्याच्यानं आता होणार नाही. आईचा हात गेला, उद्या आणखी काही जाईल. मी हातातली पळी वरणात तशीच सोडली आणि आत गेले. मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही राग येत होता, कारण रडताना बघितलं असतं तर तोही एक पुरावा झाला असता.

शनिवारी शाळा सकाळची असते. परतताना बस कामठी रोडवर टायरवाल्या काकांच्या दुकानासमोर थांबली आणि मी उतरले. ठरवून नाही. काकांनी मला पायी येताना पाहिलं आणि विचारलं, गाडी कुठे आहे? मी सांगितलं. वळण, पाणी, गाडी फिरली, सासूबाईंचा हात. ते ऐकत होते. मध्येच त्यांनी थांबवलं.

“नवे टायर मागंच होते ना?”

मी म्हटलं, पुढे लावले होते.

त्यांनी हातातला पाना बाकावर टाकला. “मी मागं लावून देल्ले होते. पुढं कोणं नेले?”

मी म्हटलं, घरच्यांनी. पूजेच्या दिवशी. ते रागात होते, हे दिसत होतं, आणि मला फार बरं वाटलं. चार आठवड्यांत माझ्याऐवजी दुसऱ्या कोणावर तरी रागावलेला तो पहिला माणूस होता. मग मी त्यांना जे ऑक्टोबरात विचारायला हवं होतं ते विचारलं. काहून?

त्यांनी सांगितलं, आणि ते फार साधं होतं. “पुढचे घसरले तं तुमच्या हाताले समजते. स्टेअरिंग हलकं होते, गाडी वळत नाही, तुम्ही हळू होता, सावरून घेता. मागचे घसरले तं हाताले काईच समजत नाही. समजते तवा गाडीचं तोंड उलटं झालेलं असते. मंग किती बी मोठा ड्रायव्हर असो. म्हणून नवे मागं. इंजिन पुढं असो का मागं असो, नवे मागं.”

मी म्हटलं, पण ब्रेक मारला म्हणतात. त्यांनी विचारलं, तुम्ही काय केलं होतं? मी म्हटलं, पाय उचलला फक्त. ते म्हणाले, तेवढं पुरतं. पाय उचलला की गाडीचं वजन पुढे येतं आणि मागचं हलकं होतं. पुढचे नवे, धरून ठेवणारे, मागचे जुने, सुटणारे. मग गाडी फिरणार नाही तर काय करील? मी तिथे उभी राहून माझ्या उजव्या पायाकडे बघितलं. चार आठवडे मी त्या पायाला गुन्हेगार धरलं होतं.

रविवारी सकाळी गिऱ्हाईक आलं. दादा, नवरा, शेजारचे काका, सगळे पुन्हा त्याच अंगणात. सासूबाई प्लास्टरचा हात गळ्यात बांधून दारातल्या खुर्चीवर ऊन खात बसल्या होत्या. गिऱ्हाईकाने गाडी का विकता विचारलं, तर दादा म्हणाले, बाईच्या हातची आहे, जास्त चाललेली नाही, आता ती चालवत नाही.

“चालवते,” मी म्हटलं.

मी दादांना म्हटलं. नवऱ्याला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याकडे तोंड करून बोलले आणि मग थांबलेच नाही. पुढचे टायर, मागचे टायर, पाय उचलणं, हाताला न समजणं, सगळं सांगितलं, वर्गात सांगते तसं, एकाला एक जोडून. आवाज चढला होता. दादांनी सगळं ऐकलं आणि नवऱ्याकडे वळून म्हणाले, टायरवाले काहीही सांगतात, त्यांना धंदा करायचा असतो. गाडी हिनं घुमवली, टायरनं नाही.

नवरा जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, संपलं. कारण माहीत असून काही उपयोग नाही, ऐकून घेणाराच नाही तर.

“अगा,” सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. त्या दादांना म्हणत होत्या. “मले तं कोणं इचारलंच नाही. मी मागं बसली होती. आधी माझ्या बुडाखालून गाडी गेली, मंग हिनं स्टेअरिंग फिरवलं. हिच्या हातात काई नव्हतं तवा. तू कुठं होता? तू इथं होता, घरी.”

गिऱ्हाईक उगाच आरसा पुसत राहिलं. सासूबाई ज्या सीटवर आयुष्यभर बसल्या, त्याच सीटवरून त्यांना ते सगळं आधी कळलं होतं. मागचं आधी गेलं, हे मागे बसलेल्या माणसालाच कळणार होतं. महिनाभर त्या त्याच घरात, त्याच खुर्चीवर होत्या. दादांनी त्यांना विचारलं नाही, नवऱ्याने विचारलं नाही, आणि मी, जी स्वतःला कोणी विचारत नाही म्हणून जळत होते, मीही विचारलं नव्हतं. नंतर मी त्यांना म्हटलं, आधी का नाही सांगितलं? तर म्हणाल्या, “मले वाटलं तुले माईत असन.”

त्या दिवशी त्या एवढंच आणखी म्हणाल्या, “चावी दे तिले.”

दादांनी खिशातून चावी काढली. आणि काय केलं असेल? माझ्या नवऱ्याच्या हातात दिली, “दे तिले” म्हणून. मी एका हाताच्या अंतरावर उभी होते. नवऱ्याने ती माझ्या हातात ठेवली. दादा वर निघून गेले. त्या दिवशी त्यांचं ताट मी वर पाठवलं, मीठ मुद्दाम चाखून बघितलं होतं, कशालाही जागा ठेवायची नव्हती.

सोमवारी रजा टाकून मी गाडी काकांकडे नेली. रस्ताभर मागच्या जुन्या टायरांची भीती वाटत होती, तिसऱ्या गियरच्या वर गेले नाही. काकांनी चाकं बदलली. नवे मागे. मी तिथेच उभी राहून प्रत्येक नट पिळताना पाहिला आणि जे जे कळलं नाही ते ते विचारलं. त्यांनी चहा मागवला आणि रागावलेही, पुढचे जुने दोनही बदला म्हणाले, पावसाळ्याच्या आत. मी बदलले.

पण ते नंतरचं. त्याआधी, चावी मिळाल्यावर दोन आठवड्यांनी, सासूबाईंचं प्लास्टर काढायचा दिवस आला. दवाखान्यात न्यायला मी गाडी काढली. सासूबाई सवयीने मागच्या दाराशी गेल्या. मी पुढचं दार उघडून धरलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदर सावरून पुढे बसल्या. डाव्या हाताने पट्टा ओढायला जमेना, तो मी लावून दिला.

तेवढ्यात दादा जिन्यावरून उतरले. त्यांनाही यायचं होतं, आईचा हात होता. नवरा घरी नव्हता. दादा नेहमीसारखे थेट पुढच्या दाराशी आले. माझ्या गाडीत ते जेव्हा जेव्हा बसले, तेव्हा तिथेच बसले आहेत, आणि तिथून हवेला सांगितलं आहे की आता दुसरा गियर टाकायला पाहिजे. दार उघडायला त्यांनी हात घातला आणि आत आई बसलेली दिसली.

मी म्हटलं, “दादा, मागे बसा.”

त्यांनी आजूबाजूला बघितलं. सांगायला कोणी नव्हतं. शेजारचे काकाही नव्हते. मग बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी मला विचारलं.

“काहून?”

या वेळी मला उत्तर माहीत होतं. “नवे टायर मागं आहेत,” मी म्हटलं, आणि ते मागचं दार उघडून बसेपर्यंत गाडी सुरू केली नाही.